फुलबाजी, बोअरवेल आणि एक निळे बाळ

गेल्या दिवाळीत दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर मुलांची आतषबाजी चालली होती. माझा नऊ वर्षांचा भाचा आदल्या वर्षीची उरलेली फुलबाज्यांची पेटी घेऊन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "आत्या, ही पेटी वर्षभर माळ्यावर होती. मग ती आपोआप का नाही पेटली?" घरातील मोठी माणसे हसली. मला मात्र हसता आले नाही. प्रश्न इतका नेमका होता की, उत्तर देण्यापूर्वी मला थोडे थांबावे लागले; आणि थांबताच पंचवीस वर्षांहून अधिक जुनी एक दुपार डोळ्यांपुढे उभी राहिली. "वैद्यकीय असावे, पण मंडळातील सर्वांना वाचता यावे" असे काही स्मरणिकेसाठी द्या, असा संपादकांचा आग्रह होता. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तरच येथे देत आहे.

फुलबाजीच्या काडीवर जो राखाडी लेप असतो त्यात मुख्यतः बेरियम नायट्रेट, ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा कीस असतो. धातूंकडे इलेक्ट्रॉन देण्याची वृत्ती आहे, नायट्रेटकडे ते घेण्याची. इलेक्ट्रॉन देणे म्हणजे ऑक्सिडीकरण आणि घेणे म्हणजे क्षपण, ही व्याख्या आपण सर्वांनी अकरावी-बारावीत पाठ केलेली आहे. देणारा आणि घेणारा असे दोघे वर्षभर एकाच काडीवर अंगाला अंग लावून बसतात. व्यवहार झाला तर दोघांचाही फायदा आहे, ऊर्जाही भरपूर सुटणार आहे. तरीही काही घडत नाही, कारण व्यवहार फायद्याचा आहे की नाही हे सांगणारे शास्त्र वेगळे आणि तो केव्हा होईल हे सांगणारे वेगळे. पहिल्याला आपण ऊष्मागतिकी म्हणतो.

अमेरिकेतील येल विद्यापीठात जोसाया विलार्ड गिब्ज नावाचे एक अबोल प्राध्यापक होते. त्यांनी १८७६ ते १८७८ या काळात एक प्रदीर्घ निबंध भागाभागांनी प्रसिद्ध केला. आज आपण ज्या राशीला मुक्त ऊर्जा म्हणतो तिचे मूळ त्या निबंधात आहे. अभिक्रियेत मुक्त ऊर्जा कमी होत असेल तर ती अभिक्रिया आपल्या बळावर त्या दिशेने जाऊ शकते. वाढत असेल तर बाहेरून काही खर्च केल्याशिवाय जाणार नाही. ऑक्सिडीकरण-क्षपणाच्या बाबतीत हा हिशेब आणखी सोपा होतो, कारण तो चक्क व्होल्टमध्ये मांडता येतो. प्रत्येक जोडीला एक विभव असतो. इलेक्ट्रॉन कमी विभवाकडून अधिक विभवाकडे जातात, आणि दोन विभवांतील फरकाला इलेक्ट्रॉनांच्या संख्येने व फॅरडेच्या स्थिरांकाने गुणले की किती ऊर्जा सुटेल ते कळते. त्या काळी हे आम्हाला परीक्षेपुरते ठाऊक होते.

प्रयोगशाळा मात्र हे आम्हाला हाताने शिकवत होती. ब्युरेटमध्ये जांभळे पोटॅशियम परमँगनेट, खाली फ्लास्कमध्ये मोहर सॉल्टचे आम्लयुक्त द्रावण. जांभळा थेंब पडतो आणि पडताक्षणी रंगहीन होतो. शेवटी एका थेंबाने फिकट गुलाबी छटा टिकते आणि आपण घाईघाईने वाचन टिपतो. आम्लात परमँगनेटचा प्रमाणित विभव +१.५१ व्होल्ट, फेरस-फेरिक लोहाचा +०.७७. फरक ०.७४ व्होल्ट. परमँगनेटचा एक रेणू पाच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून एका मोलमागे सुमारे ३५७ किलोज्यूल मुक्त ऊर्जा उतरते.

दुसऱ्या आठवड्यात मोहर सॉल्टच्या जागी ऑक्झॅलिक आम्ल येई. त्याच्याशी फरक २.०० व्होल्टचा, म्हणजे उतार जवळजवळ तिप्पट खोल. कागदावरचा हिशेब पाहिला तर ही अभिक्रिया अधिक उत्साहाने व्हायला हवी. प्रत्यक्षात मास्तर सांगत, "फ्लास्क साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवा, नाहीतर रंग जाणार नाही." तापवूनही पहिले काही थेंब जांभळेच रेंगाळत, थोडे मँगनीज आयन तयार झाले की तेच उत्प्रेरक बनत आणि मग पुढचे थेंब भराभर विरत. उतार खोल असून दगड घरंगळत नाही आणि उतार कमी असून घरंगळतो, हे आम्ही दर वर्षी डोळ्यांनी पाहत होतो. त्याचा अर्थ विचारण्याचे मात्र कोणाला सुचले नाही. (ऑपरेशन थिएटरच्या धुरीसाठी परमँगनेटवर फॉर्मॅलिन ओतून दार लावून पळणे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना ऊष्मागतिकीचा तिसरा धडा नाका-डोळ्यांतून मिळालेला आहे!)

आता ती दुपार.

१९९९ चा मे महिना होता. एम.डी. होऊन मला थोडीच वर्षे झाली होती. शहरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवरील एका गावातून सात आठवड्यांचे बाळ घेऊन एक आजी आणि बाळाची तरुण आत्या आल्या. त्याच बाळाला पाच दिवसांपूर्वी मी तपासले होते. आई विषमज्वराने अंथरुणावर होती म्हणून पावडरचे दूध सुरू झाले होते, आणि बाळाला जुलाब लागले होते. मी सलाईनची गरज नाही हे पाहिले, क्षारसंजीवनी दिली, आईचे दूध पुन्हा सुरू करण्याविषयी समजावले आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरा असे सांगितले. शेवटी अगदी ठासून म्हणाले, "पाणी वीस मिनिटे चांगले उकळा. त्याशिवाय दुधात घालू नका."

त्या दुपारी बाळ निळे होते. ओठ, नखे, जीभ सर्व राखाडी-निळे. श्वास जलद, पण छाती स्वच्छ. हृदयाचे ठोके जलद, पण मर्मर नाही. ऑक्सिजन लावला; रंग हलला नाही. पल्स ऑक्सिमीटरचा आकडा ८५-८६ वर येऊन बसला तो तिथेच. निळे बाळ म्हटले की आपला हात प्रथम हृदयाकडे जातो, माझाही गेला. परंतु रक्त काढताना सिरिंजमध्ये जे आले ते चॉकलेटच्या रंगाचे होते. त्याचा एक थेंब गाळणकागदावर टाकला. शिरेतील साधे काळसर रक्त हवेत काही क्षणांत लाल होते. हा थेंब तपकिरीच राहिला.

मेथहीमोग्लोबिन. पुस्तकात वाचलेले, प्रत्यक्ष प्रथमच पाहत होते.

मी आजींना विचारले, "पाणी कुठले?" बोअरवेलचे, त्यांनी सांगितले, शेताच्या कडेची, दोन वर्षांपूर्वी खणलेली. उकळले होते का, असेही मी विचारले. मला वाटते त्या प्रश्नात थोडा आरोपही होता. आजी शांतपणे म्हणाल्या, "बेन, पाणी तो तमे कह्युं तेम ज उकाळ्युं हतुं."

हे वाक्य मी विसरू शकलेले नाही, आणि त्याचे कारण रसायनशास्त्रात आहे.

शेतात घातलेले युरिया आणि शेणखत जमिनीतील जीवाणूंच्या हातून शेवटी नायट्रेट होते. नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळते, मातीला चिकटत नाही, म्हणून पाण्याबरोबर खाली झिरपते. एकदा भूजलात पोहोचले की वर्षानुवर्षे तसेच राहते. त्याला रंग नाही, वास नाही. उदासीन पाण्यात नायट्रेट-नायट्राइट जोडीचा विभव +०.४२ व्होल्ट आहे. म्हणजे इलेक्ट्रॉन घ्यायला ते तयार आहे, पण थंड पाण्यात कोणी ते करवून घेत नाही. फुलबाजीतील नायट्रेट जसे ठिणगीची वाट पाहते, तसे हे एखाद्या विकराची वाट पाहते. उकळण्याने जंतू मरतात, नायट्रेटला काहीच होत नाही. ते वाफेबरोबर उडत नाही. पाणी आटते आणि नायट्रेट भांड्यात राहते. वीस मिनिटे उकळलेल्या पाण्यात ते अधिक दाट झालेले असते. जंतूंपासून बाळाला वाचवण्यासाठी दिलेला माझा सल्ला दुसऱ्या शत्रूला बळ देत होता.

बाळाच्या पोटात ती ठिणगी मिळाली. कोवळ्या अर्भकाच्या जठरात आम्ल कमी असते, जुलाबात ते आणखी मंदावते, आणि नायट्रेटचे नायट्राइट करणारे जीवाणू आतड्याच्या वरच्या भागापर्यंत चढतात. शिवाय जुलाब हे या वयात स्वतःच मेथहीमोग्लोबिन वाढवणारे कारण आहे. येथे दोन्ही एकत्र आले. अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट आणि अर्भकांचे निळे पडणे यांचा संबंध १९४५ मध्ये प्रसिद्ध केला होता. मी तो वाचला होता. तो आपल्या जिल्ह्यातील एखाद्या बोअरवेलला लागू पडेल, हे मनात आले नव्हते.

आता हीमोग्लोबिनकडे पाहू. त्यातील लोह फेरस, म्हणजे दोन धनभारांचे. त्याच्या शेजारी बसतो साक्षात प्राणवायू. प्राणवायूचे पाण्यात रूपांतर होतानाचा विभव शरीराच्या सामूला +०.८२ व्होल्ट, आणि हीमोग्लोबिनमधील लोहाचा सुमारे +०.१५. फरक पाऊण व्होल्टच्या जवळपास. गिब्ज यांच्या हिशेबाने आपल्या रक्तातील सर्व लोहाने कधीच गंजून जायला हवे होते! तसे होत नाही, याची दोन कारणे. प्राणवायू चार इलेक्ट्रॉन घेऊन पाणी होतो खरा, पण पहिला इलेक्ट्रॉन घेणे त्याला जड जाते. त्या एकट्या पायरीचा विभव शून्याच्या खाली आहे. पुढे खोल दरी असली तरी दरीच्या तोंडाशी एक उंबरठा आहे. दुसरे कारण म्हणजे ग्लोबिनने हीमला आपल्या घडीत लपवून ठेवले आहे. पाण्यात उघडे पडलेले हीम पाहता पाहता फेरिक होते. घडीतले मात्र प्राणवायूला धरते आणि सोडते, इलेक्ट्रॉन देत नाही. क्वचित देते: रोज अर्धा ते तीन टक्के हीमोग्लोबिन असे निसटते, आणि लाल पेशीतील एक विकर ते परत फेरस करून ठेवते. म्हणून आपल्यात मेथहीमोग्लोबिन एक टक्क्याच्या आसपास राहते. अर्भकात या विकराचे बळ प्रौढाच्या साधारण निम्मे.

नायट्राइटने काय केले, तर तो उंबरठा मोडला. प्राणवायू धरलेल्या हीमोग्लोबिनशी त्याची गाठ पडली की नायट्राइट स्वतः पुन्हा नायट्रेट होते, लोह फेरिक होते आणि सुटलेले इलेक्ट्रॉन अखेर प्राणवायूच्या पदरात पडतात. जेथे ते ऊष्मागतिकीनुसार जाणारच होते, तेथेच.

थोडा हिशेब. ३.८ किलोच्या बाळात सुमारे ३०० मिलिलिटर रक्त, ११ ग्रॅम टक्के हीमोग्लोबिन धरले तर एकूण ३३ ग्रॅम, आणि त्यात लोह फक्त २ मिलिमोल. त्यातील ४० टक्के फेरिक झाले असे मानले तर ०.८ मिलिमोल. एवढे करण्यास सुमारे ५० मिलिग्रॅम नायट्रेटपासून बनलेले नायट्राइट पुरते. पुढे त्या बोअरवेलच्या पाण्याचा तपासणी-अहवाल आला: लिटरला १३० मिलिग्रॅम. घरच्या पातेल्यातील उकळलेल्या पाण्यात १९०. बाळाच्या एका दिवसाच्या दुधात शंभर मिलिग्रॅम तरी जात होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ४५ ही मर्यादा आहे.

उपाय माहीत होता: मिथिलिन ब्लू. पण प्रयोगशाळेतील रंजकाची बाटली शिरेत देता येत नाही. एका शल्यचिकित्सक मित्राला फोन केला. त्यांच्याकडे फिश्चुलाचा मार्ग शोधण्यासाठी ठेवलेली एक टक्क्याची निर्जंतुक ॲम्प्युल होती. ती स्कूटरवरून येईपर्यंतची पस्तीस मिनिटे फार मोठी होती.

वाट पाहताना मी आजींना आणखी एक गोष्ट विचारली: घरात कोणाला हिवतापाच्या गोळ्यांनी काळी लघवी झाली होती का, कोणी मूल जन्मतःच फार पिवळे पडले होते का? आपल्या शहरात पारशी कुटुंबांमुळे जी-सिक्स-पीडीच्या कमतरतेचा विचार आम्हाला सवयीनेच येतो, पण ती केवळ त्यांच्यापुरती नाही. त्या विकराशिवाय मिथिलिन ब्लू निरुपयोगी ठरते, एवढेच नव्हे तर लाल पेशी फोडते. आजी "नाही" म्हणाल्या. तेवढ्या एका शब्दावर विसंबून पुढे जायचे होते.

किलोला एक मिलिग्रॅम, म्हणजे ०.३८ मिलिलिटर. पाच मिनिटे घेऊन हळूहळू शिरेत सोडले. निळ्या बाळाला निळे औषध देताना पाहून आत्या रडू लागली. वीस मिनिटांत ओठांच्या कडा बदलल्या, तासाभरात जीभ गुलाबी झाली. संध्याकाळी लंगोट हिरवट-निळा झाला तेव्हा आजी धावत आल्या. ते औषधच बाहेर पडते आहे हे समजावताना मला दिवसात प्रथम हसू आले.

०.३८ मिलिलिटरमध्ये मिथिलिन ब्लू किती? सुमारे ०.०१२ मिलिमोल. एक रेणू एका खेपेस दोन इलेक्ट्रॉन नेतो. फेरिक झालेल्या ०.८ मिलिमोल लोहाला ते एका फेरीत पुरे पडणार नाहीत. प्रत्येक रेणूला पस्तीसेक फेऱ्या कराव्या लागतात. म्हणजे हे औषध इलेक्ट्रॉन देणारे नव्हे, नुसता हमाल. माल देतो पेशीतील एनएडीपीएच, जो ग्लुकोजच्या ज्वलनातून आणि जी-सिक्स-पीडीच्या मेहेरबानीने तयार होतो. एनएडीपीएचचा विभव -०.३२, मिथिलिन ब्लूचा +०.०१, हीमोग्लोबिनचा सुमारे +०.१५. इलेक्ट्रॉन दोन पायऱ्या उतरून लोहाकडे पोहोचतो. पायऱ्यांचा क्रम बरोबर आहे म्हणून औषध चालते. पण वर माल भरणारा नसेल किंवा हमालच गरजेपेक्षा फार झाले, तर रिकाम्या हाताने उभा असलेला निळा रेणू उलट हीमोग्लोबिनचेच इलेक्ट्रॉन काढून घेतो. म्हणूनच किलोला सात मिलिग्रॅमच्या वर गेल्यास हेच औषध तो आजार निर्माण करते.

इलेक्ट्रॉन घेतला की मिथिलिन ब्लूचा निळा रंग नाहीसा होतो. ही जादू आपल्या रंगाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. निळीच्या रांजणात कापड बुडवताना नीळ क्षपित होऊन विरघळलेली असते. कापड बाहेर काढले की पिवळट-हिरवे दिसते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. बडोद्यात १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन सुरू केले तेव्हा रंगाईच्या रसायनाला तेथे मानाचे स्थान होते. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर. चाफेकर बंधूंनी १८९६ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले, ते काढून संगमरवर पूर्ववत करून देणारे हेच गज्जर. (डांबर फासणारे आणि काढणारे, दोघांविषयीही आमच्या आजोबांना सारखाच अभिमान होता!) मिथिलिन ब्लू हेही मुळात कापड रंगवण्याचे रंजक. जर्मनीत हाइनरिख कारो यांनी ते १८७६ मध्ये बनवले, म्हणजे गिब्ज यांच्या निबंधाचा पहिला भाग निघाला त्याच वर्षी. पुढे १८९१ मध्ये पाउल एर्लिख यांनी ते हिवतापाच्या रुग्णांना दिले. रांजणातून शिरेपर्यंतचा हा प्रवास एका रंगाने केला, आणि गिब्ज यांच्या समीकरणांनी तो का शक्य आहे ते सांगितले. दोघांची भेट मात्र माझ्या लेखी त्या मे महिन्यातील दुपारी झाली.

आज माझ्या दवाखान्यात पाण्याविषयीचा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारला जातो: नळ, विहीर की बोअर? बोअर असेल तर तपासणी झाली आहे का? उकळण्याविषयी मी आता म्हणते, खळखळून उकळी आल्यावर एखादे मिनिट पुरे, आणि आटलेले पाणी पुन्हा उकळू नका. शहरातील घरांत आरओ यंत्रे आली आहेत आणि ती नायट्रेट बऱ्याच अंशी काढतात. साधी गाळणी, तुरटी, क्लोरिन यांपैकी कोणीही ते काढत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र, कर्नाटक अशा अनेक राज्यांतील विहिरी ४५ च्या वर आढळल्या आहेत. आपल्या मंडळातील जे सदस्य खेड्यांत शिबिरे घेतात, त्यांनी रक्तदाबाच्या यंत्राबरोबर नायट्रेटच्या तपासपट्ट्यांची एक डबी ठेवावी, ही माझी विनंती. आणि सर्वांत स्वस्त उपाय आपणा सर्वांना पाठ आहेच: सहा महिने केवळ आईचे दूध. आईच्या पाण्यात नायट्रेट असले तरी ते दुधात फारसे उतरत नाही.

भाच्याला मी सांगितले, "फुलबाजीला पेटायचे तर असते, पण कोणीतरी पहिला धक्का द्यावा लागतो." त्याने लगेच निरांजनाशी काडी धरली. त्याचे समाधान झाले. माझे झाले नव्हते, म्हणून इतके लिहिले.

चौथ्या दिवशी बाळाला घरी सोडताना मी आजींना खरे ते सांगितले: तुमचे काही चुकले नाही, उकळायला मीच सांगितले होते, आणि त्यानेच पाणी अधिक वाईट झाले. त्या रागावतील अशी माझी तयारी होती. त्यांनी थोडा वेळ बाळाकडे पाहिले आणि विचारले, "तो हवे पाणी क्यांथी लाववुं, बेन?"

मी त्यांच्याबरोबर तीन रिकाम्या बाटल्या दिल्या. गावातील तीन ठिकाणचे पाणी तपासून आले. देवळामागच्या जुन्या विहिरीचे ३२ निघाले. ती विहीर त्यांच्या घरापासून पाऊण किलोमीटरवर होती. आईला पुन्हा दूध येईपर्यंत, जवळजवळ सात आठवडे, बाळाची आत्या रोज सकाळी तेथून एक घागर आणत होती.